खड्ड्यातलं मीठ

आमच्या अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, भिवपुरीच्या क्वार्टर्समध्ये तोंडावर ‘तारवाले’ म्हणत आणि पाठीमागे चक्रम म्हणत. दोन्ही खरंच होतं. वीजघरात ते फिटर होते. आठ तास तिथं तारांशी झोंबून घरी यायचे, बशीत ओतून चहा प्यायचे आणि पुन्हा तारांशीच झोंबायला बसायचे. फरक एवढाच, की तिकडच्या तारा साहेबाच्या आणि इकडच्या स्वतःच्या. त्यांना बिनतारी संदेशाचं खूळ लागलं होतं. सरकारात अर्ज-विनंत्या करून, वीजघरातल्या एका भल्या साहेबाची शिफारस जोडून त्यांनी त्याचा परवाना मिळवला होता, आणि तो कागद देव्हाऱ्याशेजारी चौकटीत लावला होता. “बिनतारी म्हनतो आन् घरभर तारा पसरतो,” असं आत्या म्हणायची. “सकाळी उठून चुलीकडं जायचं तर माज्या पायात दोनदा तार अडकती. कसलं रं तुजं हे बिनतारी?”

आत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. अण्णा तिला अक्का म्हणत. मी चालायला लागायच्या आधीच माझी आई गेली, तेव्हा अण्णा बैलगाडी जोडून खालापूरच्या बाजूला गेले आणि आत्याला घेऊन आले. ती फार लहानपणी विधवा झालेली. दिराच्या घरी राबराब राबत होती आणि वर बोलणी खात होती. आमच्याकडे आली ती एका बोचक्यानिशी, आणि आल्या आल्या चूल सारवायला बसली, असं अण्णा सांगत. मला तिनंच वाढवलं. तिच्या हातच्या तांदळाच्या भाकरीचा पापुद्रा असा सुटायचा, की मी आधी नुसता तो खायची आणि शिव्या खायची. वालाचं बिरडं, सुकटीची चटणी, उन्हाळ्यात कैरीचं सार. घराच्या मागं डोंगरावरून उतरणारे ते अगडबंब नळ, वीजघराची रात्रंदिवस चाललेली घूंऽऽ, आणि लांब कर्जतकडून घाट चढणाऱ्या गाडीची शिट्टी. या आवाजांत मी मोठी झाले. कधी दुरुस्तीसाठी वीजघर थांबलं तर त्या शांततेनंच मला जाग यायची.

अण्णांना हवा होता उंच खांब. जेवढा उंच खांब, तेवढी लांबची माणसं ऐकू येणार. मोडीत निघालेले तीन लोखंडी नळ त्यांनी साहेबाला विचारून आणले. खालचा दंडाएवढा जाड, मधला त्यात बसणारा, वरचा उसाएवढा. दुर्बिणीसारखे ते एकातून एक बाहेर निघायचे. दोरी-कप्पीनं ओढायचे आणि भोकात लोखंडी पिन घालून अडकवायचे. खांब उभा राहायचा तीन तणाव्यांवर, म्हणजे तंबूला असतात तशा तीन बाजूंनी ताणलेल्या तारांवर, आणि त्या तारा जमिनीत ठोकलेल्या मेखांना बांधायच्या. पण खांब वर-खाली करताना त्या सोडून हातात धराव्या लागत. त्याला माणसं लागत तीन. एक आत्या, एक मी, आणि तिसरा कमळू, वरच्या ठाकरवाडीतला. तो वीजघरात रोजावर येई, अण्णांना दादा म्हणे आणि त्यांच्यावर त्याचा जीव होता.

अण्णा एरवी मऊ माणूस, पण खांबाजवळ आले की सुभेदार! खांबाच्या खाली कुणी उभं राहायचं नाही. तणावा धरला की मी सांगेपर्यंत सोडायचा नाही, हाताला मुंगी चावली तरी नाही. आणि ढग दिसायच्या आत खांब खाली. खांब कुठं उभा करायचा हे ठरवायला त्यांनी चार दिवस घेतले. तो पडलाच तर कुणाच्या घरावर, वाटेवर, विजेच्या तारेवर पडता कामा नये, म्हणून दोरीनं गोल आखून बघितलं. आत्या म्हणाली, “उभा करायच्या आधीच पाडतोस व्हय रं? आपशकुनी मेलं!” तरी पदर खोचून दोरीचं दुसरं टोक तिनंच धरलं होतं.

आणि मग तो खड्डा. वीज पडली तर ती मुकाट जमिनीत गेली पाहिजे, नाहीतर ती घरात शिरते, माणसात शिरते, हे अण्णांनी आम्हाला शंभर वेळा सांगितलं होतं. खांबाच्या पायाला तांब्याची पट्टी जोडायची, पट्टीच्या टोकाला तांब्याचा पत्रा, आणि तो पत्रा कमरेपेक्षा खोल खड्ड्यात पुरायचा. त्याच्याभोवती एक थर कोळसा, एक थर मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. वर रोज पाणी. मीठ ओल धरून ठेवतं आणि विजेला वाट देतं. कोळसा कमळूनं जंगलातून आणला. पनवेलकडच्या मिठागरांतनं गाड्या यायच्या, त्यातलं जाडं मीठ अण्णांनी पोतंभर घेतलं.

माघातला रविवार होता. शेताच्या बांधावर पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, आणि भोवती पेटवलेला कडबा. त्या धुराचा वास अजून माझ्या नाकात आहे. खड्डा खणून झाला, पत्रा उभा करून झाला, आणि वीजघरातून माणूस धावत आला, की एक यंत्र बंद पडलंय, ताबडतोब चला. अण्णा तोंडात शेंग तशीच ठेवून निघाले. जाता जाता ओरडले, “अक्का, वीतभर कोळसा, चार बोटं मीठ! पोतं सगळं संपलं पाहिजे गं!”

कमळूनं पहिला थर कोळसा टाकला. आत्यानं पोत्याचं तोंड सोडलं, ओंजळ भरली, आणि तशीच बसून राहिली.

आता हे कळायला आमच्या घरात मिठाचं काय होतं ते सांगायला हवं. मिठाचा खडा सांडला तर वर गेल्यावर तो पापण्यांनी वेचायला लावतात, हे मला बोलायला यायच्या आधी ठाऊक झालं होतं. आत्या मीठ काढताना दिवासुद्धा जवळ घ्यायची. परवा माझ्या सुनेच्या हातून ओट्यावरचं मीठ खाली सांडलं. मी तिला काही बोलले नाही, ती शिकलेली आहे. पण ती बाहेर गेल्यावर गुडघे धरून खाली बसले आणि सगळं टिपून घेतलं. इतकी वर्षं झाली, मीसुद्धा दोन बुकं शिकले, पण हे जात नाही.

“आत्या, टाक ना,” मी म्हटलं.

“अगं खड्ड्यात? पायाखाली?” तिनं ओंजळ पुन्हा पोत्यात रिकामी केली. “पोतंभर मीठ मातीत घालायचं आन् वर चालायचं? नाय गं बाई. एकेक खडा येचायचा तर सात जन्म पुरायचे नायत.”

“अण्णा रागावतील.”

“त्याला काय कळतं? पुस्तकात वाचलं आन् सुटला. कमळू, नदीवरनं रेती आनतोस का रं पांढरी?”

कमळूनं रेती आणली. मिठाच्या जागी रेतीचे थर गेले. आणि ते पोतं आत्यानं कमळूच्या पाठीवर दिलं. “वाडीत वाट. साऱ्यांना मिळू दे. दादानं दिलं म्हन.” ठाकरवाडीतली माणसं मिठासाठी दोन कोस डोंगर उतरून यायची, शेरभर मीठ जपून जपून महिनाभर पुरवायची. कमळूचे डोळे एवढाले झाले. मग आत्यानं माझी हनुवटी धरली आणि म्हणाली, “माज्या गळ्याची शप्पत हाय तुला. बापाला सांगायचं नाय. सांगितलंस तर मला परत दिराकडं जावं लागंल.” अण्णा तिला परत पाठवतील असं माझ्या मनातही येत नव्हतं. पण ते तिच्या मनात होतं, आणि तिच्या मनात होतं म्हणून मला ते खरं वाटलं. मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी परीक्षा घेतली. घरातल्या विजेची तार एका दिव्यातून त्या तांब्याच्या पट्टीला जोडायची. दिवा लख्ख लागला तर जमीन चांगली. दिवा लागला, पण नुसता तांबूस, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. अण्णांनी डोकं खाजवलं. “मीठ सगळं घातलंत ना?”

“घातलं की,” आत्या म्हणाली, आणि लगेच चुलीकडं वळली.

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होते. मग ते स्वतःशीच म्हणाले, “पाणी कमी असेल.” त्या दिवशी आत्यानं खड्ड्यावर बारा हंडे पाणी घातलं. दिवा जरा पिवळा झाला. अण्णा म्हणाले, “चालेल. मीठ मुरलं की सुधारेल.” तेव्हापासून ती रोज पाणी घाली. अण्णांनी दोन हंडे सांगितले होते, ती आठ घालायची. शेजारणी म्हणायच्या, अक्काबाईंनी तिथं झाड लावलंय का? मी तिच्याबरोबर विहिरीवर जायची आणि आम्ही दोघी एकमेकींशी त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हतो.

फाल्गुनात खांब उभा राहिला. एक तणावा आत्याच्या हातात, एक माझ्या, एक कमळूच्या, आणि मध्ये अण्णा नळ सरकवताहेत. “अक्का, ढील दे! कुशे, ताण! ताण म्हटलं ना गं!” तो उसाएवढा शेंडा आभाळात गेला तेव्हा मी मान मोडेपर्यंत वर बघितलं. आठ दिवसांनी अण्णांना ब्रह्मदेशातला एक माणूस ऐकू आला. तो तिकडे रेल्वेत होता, त्याला म्हणे गुडघेदुखी होती. एवढा खटाटोप करून दर्या ओलांडून गुडघेदुखी ऐकायची, म्हणून आत्या दोन दिवस हसत होती. पण संध्याकाळी अण्णा कानाला ते यंत्र लावून खटखट करायला बसले की भाकऱ्या थापायचा आवाजसुद्धा ती बेतानं करायची. वाडीतनं मात्र रोज कुणीतरी येई आणि अण्णांच्या पायाशी काहीतरी ठेवून जाई. कधी कंद, कधी मध, एकदा तर जिवंत कोंबडी. अण्णा म्हणत, “मी यांचं काय केलंय?” कमळू नुसता हसे. त्याला वाटायचं, मोठी माणसं दिलेलं बोलून दाखवत नाहीत.

वैशाखात विहीर आटली. पिण्याला दोन हंडे मिळायची मारामार, तिथं खड्ड्यावर काय घालणार? आत्या भांडी घासलेलं पाणी नेऊन ओतायची. खड्ड्यावरची माती भेगाळली. एके दिवशी अण्णा पहाटेपासून कामावर होते. दुपार उतरली आणि माथेरानच्या डोंगरामागून आभाळ काळं व्हायला लागलं. वारा पडला. वीजघराची घूं तेवढी ऐकू येत होती. अण्णा धावतच आले, कमळू त्यांच्या मागोमाग. “चला, खांब उतरवायचाय, आटपा!” लांब कुठंतरी गुरगुरलं. आजचा शहाणा माणूस म्हणेल, गडगडल्यावर खांबाजवळ जाऊच नये. बरोबर आहे. अण्णांचाही नियम तोच होता. पण ते म्हणाले, “अजून लांब आहे. आणि खाली पोतंभर मीठ आहे, भ्यायचं काय?”

आम्ही तिघांनी मेखांवरून तणावे सोडून हातात घेतले. अण्णा खांबाकडे चालत निघाले. मला माझ्या हातातली तार दिसत होती, भेगाळलेली माती दिसत होती, आणि अण्णांची पाठ दिसत होती. सांग, सांग, असं मी स्वतःला म्हणत होते. तोंड उघडलं. मला शपथ आठवत होती, दिराचं घर आठवत होतं, आणि अण्णांचा हात पिनेपर्यंत पोचला. मी बोलले नाही. जन्मभर मी हे कुणाला सांगितलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. आत्याचं आणि मिठाचं हसत हसत पुष्कळदा सांगितलं, पण माझं राहिलं. ते लिहावं म्हणूनच हे प्रकरण लिहायला घेतलं.

आभाळ ढाकच्या डोंगराच्या बाजूला उभं चिरलं. आणि आत्यानं हातातला तणावा सोडून दिला.

“हात लावू नको रंऽऽ! मीठ नाय घातलं मी! रेती हाय खाली, रेती!” पदर डोक्यावरून पडला होता, ती तशीच धावत गेली आणि तिनं अण्णांना दोन्ही हातांनी कवेत धरून मागं ओढलं. दोघं मागच्या मागं मातीत बसली. खांब माझ्या डोळ्यांसमोर हलला, कलला. कमळू ओरडला, “ताई, सोड! पळ!” मी तार टाकून पळाले. करकर आवाज झाला आणि खांब आडवा झाला, अण्णांनी दोरीनं आखलेल्या त्या गोलात, मोकळ्या खळ्यावर. वरचा नळ वाकून विळ्यासारखा झाला.

वीज आमच्यावर पडली नाही. ती पुढं पळसदरीकडं गेली, चार टपोरे थेंब पडले आणि ऊन आलं. तेव्हा आत्याचं म्हणणं खरं की अण्णांचं, मीठ असतं तर काय झालं असतं आणि नसताना काय झालं असतं, हे काही कळलं नाही. अण्णा उठले. धोतराची माती झटकली. “मीठ कुठं गेलं?” एवढंच विचारलं. आत्यानं वाडीकडं बोट दाखवलं. कमळूला तेव्हा सगळं उमगलं आणि तो बिचारा हात जोडून उभा राहिला. “दादा, वाडीनं खाल्लं वो त्ये. आमाला काय म्हाईत? आता कुठनं आनून देऊ?”

अण्णांनी त्याचे जोडलेले हात खाली घेतले. “खाल्लंत ना? मग झालं,” असं म्हणून घरात गेले.

आत्याशी मात्र ते बोलले नाहीत. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. ताट पुढं येई, ते जेवत आणि उठत. अबोला मला मारापेक्षा वाईट वाटला. शिव्या दिल्या असत्या तर आत्यानं उलट चार दिल्या असत्या आणि विषय संपला असता. शनिवारी मी शाळेतून आले तर आत्या तिची दोन लुगडी घडी घालून बोचकं बांधत होती. मी गाठ सोडली. तिनं पुन्हा बांधली. मी पुन्हा सोडली. दारात अण्णा येऊन उभे होते, ते आम्हाला कळलंच नाही.

“कुठं निघालीस?”

“जाते. तुजा जीव गेला असता माज्यापायी.”

“आणि खोटं का बोललीस मला? नको वाटत होतं तर सांगायचं. पापाला एवढी भितेस?”

आत्या फाटकन वळली. मी तिला एवढी चिडलेली कधीच पाहिली नव्हती. “मी माज्या पापाला भिते? माजं काय रायलंय आता भ्यायला? मीठ तू आनलंस, खड्डा तू खनलास, पाप तुज्या माथी बसलं असतं! तुला वर त्रास नको म्हनून केलं रं मी. आन् तुलाच मारायला निघाले होते.” आणि ती भिंतीला टेकून बसली आणि लहान पोरीसारखी रडली. अण्णा तिच्यासमोर जमिनीवर बसले. मग बोचकं उचलून त्यांनी ते माळ्यावर टाकलं, पार मागं, हात पोचणार नाही असं.

रविवारी दुसरं पोतं आलं. वाकलेला नळ कमळूनं ठोकून ठोकून सरळ केला होता. खड्डा पुन्हा उकरला, रेती बाहेर काढली. अण्णा पोत्याचं तोंड सोडून म्हणाले, “अक्का, तू आत जा. तू बघू नकोस. मी टाकतो.”

आत्यानं त्यांच्या हातातून पोतं ओढून घेतलं. “सरक बाजूला.”

“अगं पण…”

“सरक म्हनते ना!” ती खड्ड्याच्या काठावर बसली. वर आभाळाकडं बघून मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “देवा, हे मी टाकते. माज्या हातानं टाकते. माज्या भावानं टाकलं नाय.” आणि तिनं पहिली ओंजळ सोडली. मग दुसरी. ती घाई करत नव्हती. अण्णांनी डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती. देव-धर्म न मानणारा तो माणूस, एकदा पुढं झाला, एकदा मागं झाला, पण तिला थांबवू शकला नाही. ती काय देते आहे हे त्यांना कळलं होतं. त्यांचा त्यावर विश्वास नव्हता, पण तिचा होता, आणि ती ते देत होती.

मला राहवलं नाही. खांब पडला त्या दिवशी मी बोलले नव्हते, तेही कुठंतरी मोजलं जात असणार. मी तिच्या शेजारी बसले, पोत्यात हात घातला आणि मूठ भरून घेतली.

फाटकन माझ्या गालावर बसली. आत्यानं मला मारलेली ती पहिली आणि शेवटची. तिनं माझी मूठ उघडली, एकेक बोट सोडवलं, सगळं मीठ आपल्या ओंजळीत घेतलं आणि तळव्याला चिकटलेले खडेसुद्धा आपल्या पदरानं पुसून काढले.

“तुजं नाय हे,” ती म्हणाली. “जा, हात धू.”